तीन कुठल्या बाजूला?

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या पगारवाढीपासून पोटदुखीपर्यंत सगळं ठाऊक असायचं. तुम्हाला सांगतो.

आधी थोडी फुशारकी मारू द्या. शाब्दिक उदाहरणाचं समीकरण मांडायला शिकवावं तर मीच, असं आमच्या बुलढाणा जिल्ह्यात म्हणत. संग्रामपूरपासूनचे मास्तर माझा तास बघायला येत. गणितात गटांगळ्या खाणारी किती पोरं मी काठाला लावली! त्यातली काही इंजिनियर झाली, अजून भेटली की वाकून नमस्कार करतात. अभिमान आहे मला, खोटं कशाला बोलू?

पण शिकवण्याची ती रीत — ती माझी होती का?

महाराष्ट्र राज्य नवं होतं, माझी नोकरीही नवी. देऊळघाटला आठवीच्या वर्गावर होतो. पुस्तकात उदाहरण होतं: रामाची मेंढरे गोविंदाच्या मेंढरांच्या तिप्पट आहेत. रामाची र, गोविंदाची ग, मांडा समीकरण. अख्खा वर्ग लिहायचा, ३र = ग. वाक्यात राम आधी भेटतो, म्हणून पोरं तीनचा आकडा त्यालाच चिकटवून मोकळी! मी घसा कोरडा करून समजावत होतो, छडीही उगारत होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एकटीचं बरोबर यायचं, द्वारकाचं. घरचा भाजीचा मळा होता तिच्या. तुला कसं जमतं, असं विचारलं तेव्हा म्हणाली, "ज्याच्यापाशी कमी हाय, त्यालेच तीन खेपा मोजा लागते गुर्जी. तवा बरोबरी होते."

खेपा! मळ्यातून टोपल्या वाहणाऱ्या पोरीचा शब्द. गोविंदाची मेंढरं तीन खेपा मोजली की रामाइतकी होतात, म्हणजे र = ३ग. मला कॉलेजातही कुणी हे इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. मी तिचंच वाक्य वर्गाला सांगितलं आणि आठवड्यात सगळ्यांचे तीन जागेवर आले. किती फुगलो होतो मी — आणि तेव्हा, खरंच, तिच्यासाठी फुगलो होतो.

मग शाळा तपासायला साहेब आले, पुण्याकडचे. मी मोठ्या ऐटीत द्वारकाला फळ्यापाशी बोलावलं. तिने बरोबर मांडलं. तीन गोविंदाकडेच का, असं साहेबांनी विचारलं. ती तेच बोलली, तसंच बोलली. साहेब हसले. ही कुठली भाषा, म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं.

मी मेहकरचा. आमच्या घरातही मले-तुलेच चालायचं; नोकरीसाठी घासूनपुसून पुस्तकी बोलायला शिकलो होतो. कुणाची लाज वाटली मला — तिची की माझी? मी म्हणालो, "साहेब, हिला समजलेलं नाही. हिने उत्तर पाठ केलंय."

आणि तिचीच रीत मी शुद्ध मराठीत समजावून दाखवली. गुरुजींची पद्धत अनुकरणीय आहे, असा शेरा साहेबांनी लिहिला. द्वारका खडू हातात धरून उभी होती. मी तिकडे पाहिलं नाही.

इथवर भित्रेपणा म्हणता येईल. पुढच्याला काय म्हणायचं?

आठ दिवसांनी तिचे वडील शाळेत आले, मागे द्वारका. पोरीला समजतंय तोवरच शाळेत धाडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं — आणि मला ते ठाऊक होतं. ते म्हणाले, "गुर्जी, पोरगी म्हणते तिले गणित समजत नाही. खरं हाय का? तसं असन तर काऊन धाडू मी तिले?"

एक 'नाही' पुरलं असतं. पण ते बोलावं तर रीत तिची ठरत होती, मला मिळालेला शेरा खोटा ठरत होता, आणि तो शेरा मला फार आवडला होता. या आठ दिवसांत मी तो चारदा वाचला होता. द्वारका माझ्याकडे बघत होती.

"हाव," मी म्हणालो. घरच्या बोलीतलं 'हो'.

दुसऱ्या दिवशी पटावरून तिचं नाव कमी केलं. शाळा सोडल्याचं कारण, असा दाखल्यावर रकाना असतो. त्यात मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: अभ्यासात गती नाही.