कागदासारखी वाटी

दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी लग्न होऊन पारनेरला आले. समोर एक खरादी, म्हणजे यंत्रावर लाकूड फिरवून कातणारा कारागीर, राहायचा. त्याचं नाव मला कधी कळलंच नाही. दिवसभर तो पलंगाचे पाय कातायचा. संध्याकाळी मात्र स्वतःच्या हौसेनं कडुलिंबाच्या खोडाची गाठ घेऊन कागदासारखी पातळ वाटी कातायला बसायचा. आत चीर आहे का ते कळावं म्हणून आधी गाठीवर बोटानं टकटक करून कान लावायचा. त्याचा एक डोळा अशाच एका, कातताना फुटलेल्या वाटीनं नेला होता.

त्याच्या कातायच्या यंत्राच्या मोटारीचा आवाज चढला की माझं लक्ष तिकडेच जायचं. एकदा त्याची बायको आणि मी त्याच्या दारात उभ्या असताना वाटी फुटली आणि तिचा तुकडा आमच्या मधून सणसणत गेला. खरादी धावत आला, त्यानं बायकोचा चेहरा चाचपला.

"आता तरी पुरं करा," ती रडत म्हणाली. "भ्या वाटत न्हाई का तुमाला?"

"लई वाटतं. पन तिच्यातून उजेड दिसाय लागला हुता गं."

त्यानं दुसरी गाठ उचलली.

"वैनी, तुमी घरी जावा," असं मला म्हणत बायकोनं दार लावून घेतलं. ती मात्र आतच राहिली. मोटार पुन्हा सुरू झाली.