दाखवायला दिलेलं रक्त

"नंबर माझा टाका."

दवाखान्याच्या काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून मामा हे असं म्हणायचे की मागं उभ्या असलेल्या पेशंटला तोंड उघडायची गरजच पडायची नाही. मागं कधी गुडघे धरून उभी राहिलेली म्हातारी असायची, कधी पदर कपाळापर्यंत ओढलेली सून. नाव त्यांचं, वय त्यांचं, दुखणंही त्यांचंच. मोबाइल नंबर मात्र मामांचा.

ते तामलवाडीच्या आसपासच्या गावांतून दूध गोळा करायचे आणि टेम्पोतून तुळजापूरच्या शीतकरण केंद्रावर आणून घालायचे. येताना कॅनांच्या मधल्या फटीत दोन-चार पेशंट बसवून आणत, जाताना रिकाम्या कॅनांबरोबर त्यांना परत नेत. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही. पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ, सतत किल्ली बोटावर फिरवणारा माणूस. खुर्ची दिली तर ते तिच्या काठावर टेकत आणि चहा येईपर्यंत दोनदा उठून रस्त्यावर जाऊन येत. तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल. त्याच्या शेजारी बसलं की आपल्यालाच उगाच घाई झाल्यासारखं वाटतं.

मी पुण्यात बरीच वर्षं सॉफ्टवेअर लिहिलं आणि चाळिशी उलटल्यावर तुळजापूरला, माझ्या गावी परतलो. आमच्या भागातल्या लहान दवाखान्यांसाठी एक व्यवस्था उभी करायची होती. पेशंटला घरबसल्या नंबर लावता यावा, औषधाची चिठ्ठी फोनवर मिळावी, रक्ताचा रिपोर्ट आला की मेसेज जावा. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात हे सगळं असतं, मग आपल्या माणसांना का नसावं, एवढाच विचार होता. एका डॉक्टरबाईंनी त्यांच्या दवाखान्यात ते वापरून बघायला होकार दिला. लोक ते कसं वापरतात हे बघायला मी काउंटरजवळ स्टूल टाकून बसायचो. तिथं मामांची गाठ पडली.

एका माणसाचा एक नंबर, असं मी धरून चाललो होतो. एका सकाळी मामा भरल्या दवाखान्यात माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"साहेब, मला सातवा म्हैना लागलाय."

"काय?"

"तुमचं मशीन म्हणायलंय. लोहाच्या गोळ्या घ्या, जड उचलू नका. आन मी तर रोज कॅन उचलतोय."

बाकावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एक आजी म्हणाल्या, "मग डोहाळजेवण कोण करणार गं बाई?"

"ज्यानं हे केलंय त्यानंच करावं," मामांनी माझ्याकडं बोट दाखवलं. डॉक्टरबाईसुद्धा आतून बाहेर येऊन हसून गेल्या.

त्या दिवशी मी त्यांचा नंबर उघडून बघितला. त्या एका नंबरावर अर्धं गाव आजारी होतं. साखर, बीपी, मूळव्याध, मोतीबिंदू, आणि सातवा महिना. मी मामांना म्हणालो, "प्रत्येकानं आपापला नंबर द्यायला पाहिजे."

"कुणाचा देतेत? पोरगं पुण्याला, फोन पोराकडं. म्हातारीकडं फोन हाय, पर मेसेज वाचणार कोण? म्या वाचून दाखवतो. दूध घ्यायला दारात जातोच की."

मला ते पटलं. एका नंबरावर कितीही माणसं चालतील अशी सोय मी करून दिली. पुण्याच्या मित्रांना फोन करून सांगितलंसुद्धा, की इथं आल्यावर कळतं, माणूस एकेकटा नसतो.

मामांना मी साधुपुरुष म्हणून रंगवणार नाही. त्यांना या कामात मोठेपणा वाटायचा. टेम्पो दारात उभा करून, हॉर्न मारून, ते रस्त्यावरूनच मेसेज वाचायचे आणि कुणाला काय झालंय हे चार घरांना ऐकू जायचं. घोळही घालायचे. एकाच्या साखरेचा मेसेज त्यांनी दुसऱ्याच्याच दारात वाचला. त्या भल्या माणसानं भात-गूळ सोडला, पोट उतरलं, आणि चूक कळल्यावरही तो मामांना म्हणाला, "असू द्या मामा, गुण आला."

पण एक घोळ हसण्यावारी गेला नाही. दोन मुली झाल्यावर एका सुनेनं गुपचूप तांबी बसवून घेतली होती. घरात मुलगा हवा होता, म्हणून तिनं घरी काही सांगितलं नव्हतं. फेरतपासणीचा मेसेज आला तेव्हा मामा गाडी चालवत होते आणि शेजारी तिचा दीर बसला होता. फोन समोर ठेवलेला. पडद्यावर तिचं नाव आणि पुढं सगळं. दिरानं ते वाचलं. दोन दिवसांत तिला माहेरी धाडलं.

मामा माझ्या ऑफिसचा जिना पहिल्यांदा चढून आले ते तेव्हा. त्या दिवशी किल्ली खिशातच होती.

"नाव काढा साहेब त्यातलं."

"मामा, मग मेसेज कुणाचा हे कळणार कसं?"

"ते बघा तुमी. इंजिनेर हाव न्हवं? दुखणं असं चव्हाट्यावर नगं. तिची आई माझ्या गाडीम्होरं येऊन हुबी ऱ्हायली, बोलली कायच न्हाय."

मी त्याच दुपारी बदल केला. मेसेजात नाव नाही, आजार नाही. रिपोर्ट ठीक आहे की तातडीनं डॉक्टरला भेटायचं, एवढी एक ओळ आणि खाली लिंक. लिंकवर बोट ठेवलं की जन्मसाल विचारतं आणि ते बरोबर टाकलं तरच रिपोर्ट उघडतो. दवाखान्यातही डॉक्टरबाईंशिवाय कुणाला रिपोर्ट दिसू नये, हेही मीच ठरवलं. मामा खूश झाले. मग ते दारात हॉर्न मारून ओरडायचे, "आधार आणा!" लोक आधार कार्ड घेऊन बाहेर येत आणि ते त्यावरचं साल बघत. "समदं गाव एक जानेवारीला जन्मलंय साहेब, सालापुरता तेवढा फरक हाय," असं मला सांगून हसायचे.

पुढची गोष्ट सांगताना मी अडखळतो. घरी बायकोला सांगतानाही अडखळलो होतो.

जुन्या बीपीच्या पेशंटांची मूत्रपिंडं तपासावीत म्हणून डॉक्टरबाईंनी रक्त द्यायला बोलावलं होतं. मामा टेम्पो भरून माणसं घेऊन आले. त्यांत एक आबा होते, जन्मभर मेंढरं राखलेले. लांडग्याच्या मागं काठी घेऊन पळालेला माणूस, पण सुई बघितली आणि उठून दाराकडं चालायला लागला. मामांनी त्यांचा दंड धरला, स्वतःची बाही वर केली आणि पुढं बसले.

"आधी माझं काढा. बघा आबा, मुंगी चावल्यावानी. बघितलं का? झालं!"

रक्त काढलं म्हणजे नोंद आली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "मामा, नंबर कुणाचा टाकू?" सगळा दवाखाना हसला. मी तिथंच होतो, मीही हसलो. आबा येऊन बसले, डोळे मिटून त्यांनी हात पुढं केला.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला गेलो. आमची ही व्यवस्था आणखी काही तालुक्यांत न्यायची का, हे ठरवणाऱ्या लोकांपुढं ती दाखवायची होती. इकडं डॉक्टरबाई भाचीच्या लग्नाला गेलेल्या, दवाखाना बंद. पण रिपोर्ट कुणासाठी थांबत नाहीत. प्रयोगशाळेतून ते आपोआप सुटतात आणि मेसेज आपोआप जातात. हीच तर आमची खासियत म्हणून मी तिथं सांगणार होतो.

आत बोलावणं यायच्या बेतात होतं आणि मामांचा फोन आला.

"साहेब, लई मेसेज आलेत. बाकीचे बरे हायेत, पर एकात म्हणायलंय तातडीनं डॉक्टरला भेटा. कुणाचं हाय बघून सांगा की."

"मामा, असं मला बघता येत नाही."

"तुमीच केलंय आन तुमालाच दिसंना व्हय?"

"नियम आहे मामा. दुसऱ्याचं दुखणं मी बघायचं नाही. तुम्हीच म्हणाला होता ना? सगळ्यांची सालं टाकून बघा. ज्याचं असेल त्याचं उघडेल."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

मला बघता आलं असतं, हे इथं लिहून ठेवतो. एका मिनिटाचं काम होतं. बघितलं असतं तर मी माझाच नियम मोडला असता, आणि त्या सुनेचा चेहरा माझ्याही डोळ्यांपुढं होता. नाही बघितलं ते बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. पण माझ्या मनात त्या क्षणी नियम कमी होता आणि त्या बैठकीला आतून येणारी हाक जास्त होती, एवढं मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीच फोन केला. "झालं का मामा?"

"व्हतंय, व्हतंय. सगळ्यांचं बघितलं. आबांचं राह्यलंय तेवढं. त्येंच्या आधारावरचं साल चुकीचं हाय म्हणतेत."

"मग आबांचंच असणार."

"असंल," ते म्हणाले. एरवी ते फोनवर ओरडून बोलायचे. तेव्हा आवाज खाली होता. मला वाटलं, रेंज नसेल.

दवाखाना उघडला त्या सकाळी ते आबांना घेऊन गेले. पुढचं डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्यांनी संगणकावर बघितलं आणि म्हणाल्या, "आबा ठणठणीत आहेत. मामा, हा रिपोर्ट तुमचा आहे."

"माझा कसा? मी तर नुसतं दाखवायला दिलं होतं."

दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ गेलेली होती. पाठ दुखते म्हणून वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळ्या. त्यांची पाकिटं टेम्पोत समोरच पडलेली असायची. एकदा माझं डोकं दुखत होतं, तेव्हा त्यांतलीच एक मला त्यांनी चहाबरोबर दिली होती.

मग सोलापूरला डायलिसिस सुरू झालं. टेम्पो दुसऱ्याकडं गेला. कधी कधी मी माझ्या गाडीतून त्यांना न्यायचो. चार-चार तास त्यांना एका जागी पडून राहावं लागे आणि त्यांचा मोकळा पाय चादरीखाली सारखा हलत असे. नर्स म्हणायची, "मामा, पाय स्थिर ठेवा." ते म्हणायचे, "तो ब्रेकवर हाय ताई, काढला तर गाडी उताराला लागंल."

एकदा परतीच्या वाटेवर मी धीर करून म्हणालो, "मामा, त्या दिवशी मी बघायला पाहिजे होतं."

"बघून काय झालं असतं? किडनी माघारी आली असती व्हय?" ते म्हणाले आणि खिडकीची काच खाली करून बाहेर बघत राहिले.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले.

तीन-चार दिवसांच्या उशिरानं काही बिघडलं नाही, असं डॉक्टरबाई म्हणतात. मी त्यांना हे इतक्या वेळा विचारलंय की परवा त्या वैतागल्या. "अजून किती वेळा तेच विचारणार?" आता तसा रिपोर्ट आला की दवाखान्यातलं माणूस स्वतः फोन करतं, नाव विचारून, ज्याचं त्यालाच सांगतं. ही दुरुस्ती करायला मला अर्धा दिवस लागला. आमची व्यवस्था आता बऱ्याच दवाखान्यांत चालते. लोक चांगलं म्हणतात. मी रोज एकदा उगाचच ऑफिसातून उठून जिना उतरतो आणि परत चढतो.

मामांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी काही विचारलं नव्हतं, त्याच बोलायला लागल्या.

"मेसेज आला त्या रोजी घराघरानं हिंडले. एका घरातनं आले, म्हणले, त्येंचं न्हाय. दुसऱ्या घरातनं आले, म्हणले, त्येंचं बी न्हाय. मला उमगंना. लोकांचं चांगलं निघायलंय, आन ह्यांचं तोंड का उतरायलंय? जेवले न्हाईत. म्या म्हणलं, तुमचं साल टाकून बघा की एकदा. तर फोन उशाखाली सारला. म्हणले, मला काय धाड भरलीया?"

मी उठलो.

निघालो तर आबा बाहेर दगडावर बसले होते. मला हातानं थांबवून म्हणाले, "सायेब, त्या सकाळी मी होतो गाडीत."

मग त्यांनी सांगितलं ते असं. दूध भरलेलं होतं, दवाखाना उघडायची वेळ झाली होती. घाट चढायच्या आधी मामांनी एका हॉटेलापुढं गाडी लावली. आबांना भजी घेतली, चहा घेतला. मग अजून एक चहा. आबा भ्यालेले, कारण रिपोर्ट आपलाच असणार हे त्यांनी धरून ठेवलं होतं. ते म्हणाले, "चल की लेकरा, काय व्हायचं ते होऊन जाऊ दे. दूध तापायलंय."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. बाकड्यावर मांडी घातली त्यानं. माझ्या बशीत अजून एक भजं ठेवलं आन म्हणला, बसा आबा, कशाची घाई हाय. कॅनांवर ऊन आलं, तरी उठला न्हाय."