गोडेतेल

गाव सोडायच्या दिवशी बाई टेम्पोत बसेना. बाई म्हणजे माझी आई. आमच्या घरात आईला बाईच म्हणतात. टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता, गल्लीतल्या बाया ओट्यांवर उभ्या राहून डोळे पुसत होत्या, आणि ही आपली उंबऱ्यात पाय रोवून उभी. "आधी मशीन चढवा. त्याच्याबिगर मी हलायची नाय." शेवटी नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं शिलाई मशीन लोखंडी पायांसकट दोघांनी उचललं आणि कांद्याच्या रिकाम्या गोण्यांवर टेकवलं. ड्रायव्हरशेजारी जागा असूनही बाई मागेच बसली, मशीनला धरून. मी दाराला कुलूप लावलं. शेगडीवर काहीबाही ठेवून ती विसरायला लागली होती, एकदा तर घर पेटता पेटता वाचलं, तेव्हा शेजाऱ्यांनीच मला फोन केला होता. नाना जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मी एकुलती एक. दुसरा इलाज नव्हता.

येवल्याच्या पुढच्या त्या गावातून मी लग्न होऊन नाशकाला आले तेव्हा रडले होते ती मी. बाई नव्हती रडली. "येवला काय नि नाशिक काय, सकाळच्या एसटीनं निघालं का जेवायला घरी," असं म्हणाली होती. नाना गावात कपडे शिवायचे. त्यांनी एवढंच सांगितलं, "हात चालू ठेव सुमे. हात थांबला का माणूस गंजतं."

मी हात चालू ठेवला. अंबडला एका कंपनीत शाळांचे युनिफॉर्म शिवले, तिथल्या मेकॅनिकच्या मागे लागून मशीन खोलायला शिकले, आणि कंपनी बंद पडल्यावर एक गाळा घेऊन जुनी मशीन्स दुरुस्त करायला लागले. आता पुण्या-मुंबईची माणसं मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात. "मॅडम, व्हिंटेज पीस आहे, रिस्टोअर करून हवाय." व्हिंटेज म्हणजे काय, तर गावाकडे आपण जिला अडगळ म्हणतो तीच, फक्त शहरातल्या हॉलमध्ये लाइट सोडून ठेवलेली. मी हसते आणि "हो सर, सोनेरी फुलं जपून करू" म्हणते. गावी राहिलेल्या मैत्रिणींनो, तुमच्या माळ्यावर असं एखादं मशीन असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, एवढंच सांगते.

तर लोकांची मशीन्स चालती करणारी मी, आणि माझ्याच बापाचं मशीन असं जाम की चाक तसूभर हलेना. कारण मला बघताक्षणी कळलं. गोडेतेल. मशीनला पातळ, पांढरं मशीनचं तेल लागतं. खायचं तेल घातलं की ते आत सुकतं आणि डिंकासारखं चिकटतं. नाना असताना तेलाच्या कुपीला कुणाला हात लावू देत नसत. ते गेल्यावर बाई दर शनिवारी मारुतीला तेल वाहायची आणि उरलेलं घरी आणून मशीनच्या भोकांत सोडायची. त्यांच्या हातचं यंत्र, ते उपाशी कसं ठेवायचं? शिवायला तर काही नसायचं. तरी दुपारभर ती रिकामंच मशीन चालवत बसायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "घरातून आवाज आला पाह्यजे गं. आवाज नसला का लोकं म्हणत्यात, बसलं ते घर." तेल मुरत गेलं, मशीन जड होत गेलं, खडखडाट वाढत गेला, आणि तिला वाटलं, झकास चाललंय. इथे आल्यावर ते नुसतं पडून राहिलं आणि आतलं तेल पार घट्ट झालं.

पाथर्डी फाट्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाई रुळली नाही. सकाळी उठली की लुगड्यांचं बोचकं बांधायची, चपला घालायची आणि दारापाशी खाली बसायची. "सुमे, येवल्याची गाडी कितीला हाय गं?" उद्या आहे, म्हणायचं. उद्या पुन्हा तेच. एकदा ती लिफ्टमधून एकटीच खाली गेली. वॉचमनने गेटवर अडवलं तर त्याच्या हाताला चावली. तेव्हापासून मी दाराला आतून कुलूप लावायला लागले. स्वतःच्या आईला कोंडून ठेवायचं म्हणजे काय, ते ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. डॉक्टर म्हणाले, ओळखीचं काही हाताशी द्या, मन लागेल. मला तेवढंच हवं होतं. तिने या घराला आपलं म्हणावं आणि ते कुलूप निघावं.

म्हणून गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून नानांचं मशीन घेतलं. रॉकेल आता मिळत नाही, तेव्हा डिझेल. एकेक सांधा भिजवायचा, लेकीच्या हेअर ड्रायरने ऊब द्यायची आणि थांबायचं. जोर केला की आतलं काहीतरी मोडतं. हे काम रागीट माणसाचं नाही, आणि मी जन्माची रागीट. मधाच्या रंगाचा चिकटा निघत राहिला. त्यात खंडेनवमीच्या पूजेच्या अक्षता, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली तर तेल आणि कुंकवाचा असा थर बसला होता की पाते लावायचा धीर होईना. बाईची तिथली एकटी वर्षं मी खरवडून काढतेय असं वाटलं. गाळ्याचं शटर अर्धं ओढलं आणि रडून घेतलं. मग परत बसले. एका दुपारी चाक हललं. आधी थोडं, मग अर्धा फेरा, आणि नवा पट्टा चढवल्यावर असं सुर्रकन फिरलं की नव्या मशीनने झक मारावी.

मशीन गाळ्यातून वर फ्लॅटमध्ये आणून खिडकीपाशी ठेवलं. बाईला समोर बसवलं, तिच्याच जुन्या लुगड्याचा तुकडा दिला. सकाळी चहा घेतला की नाही हे तिला आठवत नव्हतं, पण दोरा तिने न चुकता ओवला. चाकाला हात लावला, पाय हलवले, आणि टीप घातली. सरळ, एकसारखी. माझी लेक माझ्याकडे बघायला लागली. मी मनातल्या मनात दाराचं कुलूप काढूनसुद्धा टाकलं.

बाई थांबली. मशीनकडे कान देऊन जरा वेळ बसली, मग वर बघून हसली. परक्याच्या घरी चहा पुढे आला की आपण हसतो तसं.

"लय भारी हाय हो तुमचं मशीन. लोण्यावानी चालतं. आमचं आपलं जड हाय, साऱ्या गल्लीला ऐकू जातं."

"बाई, आपलंच आहे हे. नानांचं."

"नाय हो. आमचं मी वळखीन ना." तिने तुकड्याची घडी करून माझ्या हातात दिली आणि चपला शोधायला लागली. "आता मला जाऊ द्या ताई. पोरगी घरी एकटीच हाय. माझी सुमी."

बाईने मला आयुष्यात शिव्या दिल्या, लाटणं फेकून मारलं, पण अहो कधी म्हटलं नव्हतं. काम मी चांगलं केलं होतं. इतकं चांगलं, की त्या मशीनमध्ये आमच्या घराचं काहीच शिल्लक ठेवलं नाही.

"चला, सोडते तुम्हाला," मी म्हटलं, आणि तिच्या पायात चपला सरकवल्या. हल्ली रोज संध्याकाळी तिला सोसायटीभोवती फिरवून आणते. परत आलो की ती पाहुणीसारखी खुर्चीच्या कडेवर बसते, मी पाणी देते, ती "राहू द्या, कशाला" म्हणते. रात्री दाराला कुलूप लावतेच.

माझ्यासारखे जे गावातून निघाले, त्यांना कधीतरी कुणीतरी विचारतंच की आता तुमचं घर कुठलं. मी पूर्वी गावाचं नाव सांगायचे, मग पाथर्डी फाटा सांगायला लागले. नाशकात मला मॅडम म्हणतात, काकू म्हणतात, लेक आई म्हणते. सुमे म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं. ते माझ्या हॉलमध्ये बसलेलं असतं, आणि सुमीकडे जायचंय म्हणून रोज चपला शोधतं.