नालोंगोच्या गळ्यातलं फळकूट

आमच्या वन्संचं खरं नाव आता त्यांना स्वतःलाही आठवत नसेल. जुळी झाली आणि त्या नालोंगो झाल्या, म्हणजे जुळ्यांची आई. पोरं केव्हाच कंपालाला गेली, ऐट मात्र इथंच राहिली. जुळ्यांच्या आईला आमच्याकडं सगळा गाव आपणहून नमस्कार करतो, त्यामुळं ही बाई कुणाला आधी ओळखच देत नाही. शाळेत आम्ही दोघी पोरांसाठी मक्याची पेज शिजवतो. म्हणजे शिजवते मी, वन्सं तोंड चालवतात.

हेडमास्तर सेरुन्कुमांनी शाळेत एक फळकूट आणलं होतं. फाटकाच्या आत जो कोणी आपली लुगांडा बोलेल, त्याच्या गळ्यात ते अडकवायचं. दुसरा कोणी बोलताना सापडला तरच सुटका, आणि संध्याकाळी ज्याच्या गळ्यात राहील त्यानं संडास धुवायचा. का, तर पोरांना इंग्रजी यावी! दुकानदाराच्या पोरांकडं टीव्ही, ती फाडफाड बोलायची. नाब्बोसा नावाची एक पोर बिचारी आजीजवळ राहायची, आणि आजीची शेळी काही इंग्रजीत ओरडत नव्हती. त्यामुळं फळकूट रोज हिच्याच गळ्यात. शेवटी पोरीनं तोंडच मिटून घेतलं. शाळेत नाही, घरी नाही. आजी चुलीपाशी येऊन रडली, "शिकायला घातली नि पोर मुकी झाली गं. सोमवारपासून शाळा बंद. कॉफी तोडायला नेते."

वन्संचं टाळकंच सरकलं. तडक नाब्बोसासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हेडमास्तरांच्या नावानं लुगांडात दोन कचकचीत शिव्या हासडल्या. मग म्हणाल्या, "बोलले की नाही मी? दे इकडं ते." आणि फळकूट स्वतःच्या गळ्यात!

हेडमास्तर धावत आले. "नालोंगो, अहो, ते पोरांसाठी आहे!"

"जो कोणी म्हणाला होतात ना? मग मी कोणीच नाही का?"

"मग इंग्रजीत बोला!"

"मला एक गुड मॉर्निंग तेवढं येतं. दुपारी चालेल का?"

हसू दाबायला मी चूल फुंकत बसले. डोळ्यांत राख गेली, पण त्याचं काही नाही. संध्याकाळी जुळ्यांच्या आईकडून संडास धुवून घ्यायची कुणाची छाती होती? वन्सं फळकूट घालूनच घरी आल्या, घालूनच जेवल्या. नाब्बोसा मात्र अजून गप्पच होती.

शुक्रवारी जिल्ह्याचे शिक्षणसाहेब तपासणीला आले. कोट, टाय, चकचकीत बूट. पण पेज ढवळणाऱ्या वन्सं दिसल्या आणि आईनं लावलेलं वळण आड आलं. वाकून आपल्याच भाषेत म्हणाले, "नालोंगो, बऱ्या आहात ना?"

"बरी आहे बाळा. आणखी जरा वाक."

साहेब वाकले. वन्संनी फळकूट काढून त्यांच्या गळ्यात घातलं. हेडमास्तरांचा चेहरा तर असा झाला, की पाणी मारायला मी तांब्या हातात घेतला.

साहेब मोकळं हसले. "नियम म्हणजे नियम," म्हणाले आणि ते तसंच मिरवत वर्गात गेले. आम्ही दोघी खिडकीला लटकलो. त्यांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. दुकानदाराची पोरंसुद्धा डोळे फाडून त्या फळकुटाकडंच बघत होती.

मागच्या बाकावरून नाब्बोसा उठली. चालत साहेबांपाशी गेली आणि आपल्या भाषेत म्हणाली, "साहेब, ते मला द्या. मला सवय आहे."

साहेबांचं हसू तिथंच थांबलं. वन्संनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

"नाही देणार," साहेब आपल्याच भाषेत म्हणाले. "तू बोल, पोरी. काय बोलायचंय ते बोल."

आणि पोरगी बोलत सुटली. फळ्यावरच्या गणिताचं उत्तर, आजीचे दुखरे गुडघे, शेळीला झालेलं करडू, सगळं एका दमात. पेज पार गार झाली, पण ती थांबेपर्यंत वन्संनी घंटा होऊ दिली नाही.