बर्फीचा मागचा पट्टा

तिसऱ्यांदा मी घोडागाडी मागून आणली आणि तिसऱ्यांदा बर्फी गर्रकन वळून माझ्यासमोर उभी राहिली. कान मागे, नाकपुड्या फुललेल्या. चंदरभाई खुर्चीतून उठले.

"डॉक्टर मॅडम, बुरा मत मानना. त्या काशिनाथला बोलावू का?"

"बोलवा ना. माझी काय हरकत असणार?"

हरकत होती. चांगलीच होती.

तुम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर बर्फीला पाहून "आजी, हे पिल्लू आहे का?" असं विचारलं होतं. पिल्लू नाही, सहा वर्षांची पूर्ण वाढलेली घोडी आहे. तिची जातच ठेंगणी; उंचीला आपल्या डायनिंग टेबलाएवढी. चंदरभाईंचं उल्हासनगरला कापडाचं दुकान आहे आणि बदलापूरच्या पुढे, बारवीच्या रस्त्याला, एक फार्म. तिथे शाळांच्या पिकनिक येतात. मुलांना छोट्या गाडीतून फिरवायचं म्हणून त्यांनी बर्फी आणली आणि फोटो दाखवून एका वेल्डरकडून दोन चाकांची गाडी करून घेतली. मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून रिटायर होऊन चिखलोलीच्या फ्लॅटमध्ये खिडक्या पुसत बसले होते. बर्फीची तब्येत बघायची आणि तिला गाडीची सवय लावायची, हे काम त्यांनी माझ्याकडे दिलं.

मी ते पद्धतशीर केलं. इंग्रजी मॅन्युअल वाचून एक तक्ता तयार केला आणि लॅमिनेट करून तबेल्याच्या दारावर लावला. पहिला आठवडा नुसता साज चढवायचा आणि उतरवायचा. दुसऱ्या आठवड्यात मागून लांब दोर धरून चालवायचं. तिसऱ्यात स्कूटरचं जुनं टायर ओढायला लावायचं. बर्फीने हे सगळं केलं. पण गाडी घेऊन मी तिच्या मागे गेले की ती वळायची.

कारण मला माहीत होतं. तिला धनुर्वाताची इंजेक्शनं मी दिली होती. तिचे दात कानशीने मी घासले होते. मी हातात लोखंडाचं काही घेऊन मागे गेले की ते टोचणार, हे तिने पक्कं केलं होतं. आणि या प्रत्येक वेळी तिचं डोकं काखेत धरून तिच्याशी बोलत कोण उभा होता? काशिनाथ.

काशिनाथ बदलापूरजवळच्या एका पाड्यावरचा. माझ्या दवाखान्यात बावीस वर्षं परिचर होता. परिचर म्हणजे डॉक्टर काम करत असताना जनावराला धरून ठेवणारा माणूस. आता तो चंदरभाईंच्या गाई सांभाळतो. बावीस वर्षं मी निदान केलं, औषध दिलं, टाके घातले, आणि जनावरांनी हात चाटला तो त्याचा. म्हशीसुद्धा मला बघून दावं तोडायच्या आणि त्याला बघून हंबरायच्या. नोकरीत असताना मी ते हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर एकदाही हसू आलं नव्हतं.

काशिनाथ आला. हात धोतराला पुसले. "काय गं बाय, रुसलीस व्हय?" एवढंच म्हणाला. बर्फीने चार पावलं पुढे टाकून त्याच्या काखेत डोकं खुपसलं.

"देखा?" चंदरभाई खूष. "मॅडम, तुम्ही तीन हप्ते घेतले, याने तीन मिनिटं नाही घेतली!"

"गूळ असेल खिशात," मी म्हणाले.

काशिनाथने बंडीचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एकात तंबाखूची डबी, दुसऱ्यात काही नाही.

आता जुंपण्याचं थोडं समजून घ्या. घोड्याच्या छातीवर एक रुंद पट्टा असतो. त्याच्या दोन्ही टोकांना लांब पट्टे जोडलेले असतात, त्यांनी गाडी ओढली जाते. पाठीवर छोटं खोगीर असतं, त्याच्या कड्यांत गाडीच्या दोन दांड्या अडकतात. आणि एक मागचा पट्टा असतो. तो शेपटीखालून मांड्यांच्या मागे फिरतो आणि दोन्ही बाजूंनी दांड्यांना बकलाने बांधतात. हा गाडीचा ब्रेक. उतारावर गाडी मागून ढकलू लागली की घोडा या पट्ट्यावर रेलतो आणि गाडी रोखतो. पट्टा बांधलेला नसेल तर गाडी थेट त्याच्या पायांवर जाते.

बैलगाडीत असा पट्टा नसतो. उतारावर बैल मान ताठ करून जू अडवतात. काशिनाथचा जन्म बैलांत गेला. त्याने छातीचा पट्टा नीट बसवला, दांड्या कड्यांत सरकवल्या, ओढायचे पट्टे जोडले. मागच्या पट्ट्याची दोन टोकं उरली.

"ह्यो लंगोट कशाला?" असं स्वतःशीच पुटपुटून त्याने ती टोकं लोंबू नयेत म्हणून व्यवस्थित घडी करून खोगिरात खोचली.

मी सहा हातांवर उभी होते. मला ते स्वच्छ दिसलं.

मी बोलले नाही.

मनात कारणं तयार होती. जागा सपाट आहे. गाडीत कोंड्याचं पोतं आहे, मूल नाही. पण खरं कारण ते नव्हतं. मला वाटत होतं की एकदा, चंदरभाईंच्या डोळ्यांदेखत, काशिनाथचं काहीतरी चुकावं. तक्ता कशासाठी असतो ते या दोघांना कळावं.

बर्फी चालली, काशिनाथ लगाम धरून बाजूने. आंब्याभोवती एक फेरी, दुसरी फेरी, झुलत, एखाद्या नवरीसारखी. चंदरभाई मोबाईलवर शूट करत होते. मी उसनं हसू आणून उभी. मग काशिनाथला जोर चढला आणि त्याने बर्फीला गेटच्या रस्त्याकडे वळवलं. गेटकडे उतार आहे.

तेव्हाही माझा एक क्षण गेला. मग मी ओरडले, "काशिनाथ, मागचा पट्टा!"

उशीर झाला होता. गाडीचा पुढचा आडवा पाइप बर्फीच्या मागच्या पायांवर आदळला. तिने लाथ मारली, पाइप पुन्हा लागला, आणि ती उधळली. काशिनाथने लगाम सोडला नाही. तो फरफटत गेला, पण वळणावर त्याने तिला कडेच्या पेंढ्याच्या गंजीत घातलं. पोतं फुटून रस्त्यावर कोंडाच कोंडा. मी धावत पोहोचले तेव्हा तो गुडघ्यांवर बसून तिच्या मानेला मिठी मारून म्हणत होता, "झालं गं बाय, झालं, झालं." त्याचं मनगट सुजत होतं. बर्फीच्या मागच्या पायाला दोन बोटं लांब जखम होती.

चंदरभाई धापा टाकत आले. "अडाणी आदमी! पट्टा बांधता येत नाही? उद्यापासून येऊ नको. आणि ही घोडीपण नको मला. तो बँडवाला कधीचा मागतोय, देऊन टाकतो, बरातीत नाचू दे!"

काशिनाथने माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षं माझ्या डोळ्यांकडे बघून त्याने काम केलं होतं. मी कुठे बघतेय ते त्याला सांगावं लागत नसे.

"चंदरभाई," मी म्हणाले, "पट्टा सुटा होता ते मी पाहिलं होतं."

"केव्हा?"

"निघायच्या आधी."

"मग बोलल्या का नाही?"

"याला बघून माझा जळफळाट झाला होता म्हणून."

अशा उत्तराची त्यांना सवय नव्हती. मलाही नव्हती. त्यांनी मोबाईल खिशात टाकला.

"मॅडम, इतक्या शिकलेल्या तुम्ही," एवढंच म्हणाले.

"यात काशिनाथची चूक निम्मी, माझी पूर्ण. घोडीची तर काहीच नाही. तिला देऊ नका. जखम भरायला पंधरा दिवस, मग आणखी तीन आठवडे द्या. काशिनाथ जुंपेल, मी पट्टे तपासेन. जमलं नाही तर मी येणं बंद करते."

बर्फीला तीन टाके पडले. धरायला काशिनाथच होता, एका हाताने. मी सुई ओवत असताना तो हळूच म्हणाला, "बाई, येवढं जळायचं व्हतं तं आधी सांगायचं. मी गूळ तुमच्या हाती दिला असता."

"खिशात गूळ नव्हता ना?"

"टोपीत व्हता."

पाचच्या ऐवजी आठ आठवडे लागले. आता बर्फी दर रविवारी दोन-दोन मुलांना घेऊन फार्मभर फिरते, उतारावरसुद्धा. जुंपतो काशिनाथ. मी शेवटी मागच्या पट्ट्याची दोन्ही बकलं ओढून बघते आणि "हं" म्हणते. त्याशिवाय तो पाऊल टाकत नाही. मला बघून बर्फी अजूनही कान मागे करते. गूळ घेते, पण त्याच्याकडे बघत. मला अजूनही राग येतो.

तुमच्यापैकी कोणी कधी दुसऱ्याबरोबर काम कराल तर एवढं लक्षात ठेवा: बकल सुटं दिसलं तर आधी सांगावं. जळायला नंतर भरपूर वेळ मिळतो.