नळी हलवायची नाही

साप चावलेला माणूस खाटेवर, व्हरांड्यात नातेवाइकांची रडारड, आणि डॉक्टर स्टुलावर बसून एका काचेच्या नळीकडे बघतायत. दोन्ही हात मांडीवर. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "डॉक्टर, काहीतरी करा की." मान न वळवता ते म्हणाले, "करतोय. थांबतोय."

सिल्वासाकडून खानवेलला जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टचा लहानसा दवाखाना होता. डॉक्टर मूळचे नाशिकचे, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे आले आणि तिथलेच झाले. त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, पण ते कोणी वाचत नसे. कारखान्यातले कामगार, खानवेलकडचे आदिवासी, बसचे कंडक्टर, सगळ्यांसाठी ते नळीवाले डॉक्टर. मी मजुरांच्या संघटनेत पत्रकं लिहायचे, म्हणून त्यांच्यासाठी मी पत्रकबाई. पुढे भांडणं वाढली तसं ते मला अगं-तुगं करायला लागले, पण 'पत्रकबाई' काही सुटलं नाही.

नळीची भानगड साधी होती. फुरसं किंवा घोणस चावली की विषानं रक्त गोठेनासं होतं. चावलेल्याचं थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, नळी उभी ठेवायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्त थिजलेलं असेल तर लस द्यायची घाई नाही, माणसावर लक्ष ठेवायचं. पाण्यासारखं वाहिलं तर विष अंगात भिनलंय, लस द्या. नाग-मण्यारीला ही नळी कामाची नाही, तिथे ते आधी पापण्या जडावल्यात का ते बघत आणि वाट बघत बसत नसत. मी अधीर होऊन नळी उचलायला जायचे आणि हातावर चापट खायचे. "पत्रकबाई, देश नंतर हलवा. नळी हलवायची नाही."

हा नुसता छंद नव्हता, भांडण होतं. खानवेलच्या सरकारी केंद्रात सापाची लस ठेवत नसत. वरून उत्तर ठरलेलं होतं: तिथे प्रयोगशाळा नाही, रक्त तपासता येत नाही, मग महागाची लस कोणाला द्यायची हे ठरवणार कसं? म्हणजे जंगलात, भातशेतीत साप चावायचा आणि लस मात्र शहरात. मधे बस, तीही आली तर. डॉक्टरांचं म्हणणं होतं की ह्या कामाला प्रयोगशाळा लागत नाही, वीजसुद्धा लागत नाही, एक नळी आणि एक शहाणं माणूस पुरतं. हे सिद्ध करायला ते पावसाळ्यामागून पावसाळे प्रत्येक रोग्याची नोंद ठेवत होते: नळीनं काय सांगितलं, लस किती लागली, पुढे माणसाचं काय झालं. ह्या नोंदी पटल्या तर लस खानवेलला जाणार होती. ह्यासाठी मी त्यांच्या दवाखान्यात चकरा मारायचे. रक्ताचं मला कौतुक नव्हतं.

औद्योगिक वसाहतीतले मुंबई-पुण्याचे इंजिनियर अधूनमधून दवाखाना बघायला येत. त्यांच्यातल्या कोणी शंका काढली, की लगेच डॉक्टर बाही वर करून स्वतःच्या हातातून रक्त काढत. "हे बिनसापाचं. बसा आता." रक्त थिजलं की नळी उलटी करून दाखवत, थेंब पडत नसे. त्यांच्या कोपराच्या खळीत इतके टोचल्याचे डाग होते की नाक्यावरच्या पानवाल्यानं मला एकदा हळूच विचारलं, "ताई, डॉक्टर नशापाणी करतात का ओ?" मी ते डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "सांग त्याला, दर पाहुण्यामागे एक." पावसाळ्यात मात्र पाहुणे येत नसत आणि ह्या गमतीला कोणाला वेळही नसे.

गलोंड्याच्या एका कारखान्यात धुळ्याकडचा सुपडूभाऊ होता. कंपनीच्या कुंपणाकडेला गवत काढताना त्याला घोणस चावली. डॉक्टरांनी त्याला वाचवलं. बरा झाल्यावर तो खाटेपाशी उभा राहून म्हणाला, "डाक्टर, मी गरीब माणूस, तुमाले काय देऊ?" डॉक्टर म्हणाले, "बूट घालून गवतात जा, तेवढं दे." सुपडूभाऊला हे फार कमी वाटलं. त्याच्या कारखान्यात कपडे धुण्याची पावडर बनायची आणि फाटक्या पुड्यांचा माल कामगारांना घरी न्यायला देत. तो पिशवी भरभरून दवाखान्यात आणायला लागला. जानकीमावशी, तिथली आया, खूश झाली. तोवर नळ्या नुसत्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवत. आता फरशी, चादरी, बाटल्या, नळ्या, सगळं फेसात. दवाखाना असा चकचकीत मी आधी कधी पाहिला नव्हता.

त्या पावसाळ्यात जो तो रोगी विषारी निघायला लागला. नळ्यांमागून नळ्या वाहत होत्या, लस भराभर संपत होती. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, "यंदा काहीतरी वेगळं आहे." मी लगेच पत्रक काढलं: यंदा विषाचा कहर, प्रशासन झोपेत, खानवेलला लस द्या. अक्षर ठळक, शाई लाल.

पाऊस ओसरल्यावर आरोग्य खात्याचे मोठे साहेब स्वतः आले. लस खानवेलला ठेवायची की नाही हे त्यांच्या सहीवर होतं. नोंदी त्यांनी वाचल्या, पत्रकही वाचलं असणार, कारण माझ्याकडे बघून ते हसले. मग म्हणाले, हे नळीचं आम्हाला दाखवा. डॉक्टरांनी सवयीनं बाही वर केली, आपलं रक्त काढलं, नळी टेबलावर उभी ठेवली. चहा झाला. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी तिरकी केली आणि रक्त सरळ खाली वाहत आलं.

साहेब चष्मा काढून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तमने पण साप करड्यो के?" म्हणजे तुम्हालाही साप चावला की काय. त्यांच्याबरोबरचे सगळे हसले. मी डॉक्टरांच्या कानाशी लागले, "सांगा की नळी ओली होती. सांगा उकाडा आहे. काहीही सांगा." असं काही म्हटलं असतं तर चाललं असतं. साहेब जायच्या घाईत होते, सही होणार होती असं त्यांचा कारकून मला नंतर बोलला.

डॉक्टर म्हणाले, "माझं रक्त चांगलं आहे. म्हणजे चाचणी बिघडली आहे. कधीपासून, ते मला माहीत नाही. यंदाच्या नोंदी धरू नका."

साहेबांनी फाईल मिटली.

चाचणी कशानं बिघडली, ते डॉक्टरांनी त्याच दिवशी शोधलं. एक नळी पावडरीनं धुतलेली, एक कधीच न वापरलेली, दोन्हींत त्यांचं रक्त. कोरीतलं थिजलं, धुतलेलीतलं वाहिलं. काचेला रक्त लागलं की ते थिजायला लागतं, पण साबणाचा अंश राहिला तर काचेचा तो गुणच जातो. रक्त निरोगी असलं तरी विषारी दिसतं. कोणाला लस मिळाली नाही असं झालं नव्हतं, उलट नको त्यांनाही मिळाली होती. पण यंदा किती जणांना खरोखर विष चढलं होतं, हे आता कोणीच सांगू शकणार नव्हतं. जानकीमावशी कमरेवर हात ठेवून उभी. "साबू लावून भांडां कसां बिघडंल, डॉक्टर?" डॉक्टर म्हणाले, "मावशी, मलाही हे आज कळलं. तुम्ही फरशी धुवा, छान धुता. नळ्या मी धुतो." सुपडूभाऊला त्यांनी कळूच दिलं नाही. पावडर येत राहिली.

मला मात्र दुरुस्तीचं पत्रक काढायला लावलं. मी म्हणाले, "आमच्या संघटनेनं असलं पत्रक कधी काढलेलं नाही." ते म्हणाले, "मग हे पहिलं. तेवढंच ठळक छाप."

पुढच्या पावसात सोनकी गेली. खानवेलच्या पुढच्या पाड्यावरची बाई, भात लावताना फुरसं चावलं. घरच्यांनी वेळ न घालवता बस गाठली होती, भगताकडेही नेलं नव्हतं, आम्ही सांगत होतो ते सगळं त्यांनी केलं होतं. वाट खचली म्हणून बस अडकली, दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांपर्यंत आणलं तेव्हा फार उशीर झाला होता. मी तशीच त्यांच्या खोलीत शिरले. म्हणाले, "तुमच्या खरेपणापायी गेली. त्या दिवशी गप्प बसला असतात तर लस खानवेलला असती."

ते नळ्या पुसत होते. हात थांबवून म्हणाले, "खोट्या आकड्यांवर आली असती, तर पहिल्याच पावसात वाटेल त्याला टोचून संपली असती. मग पुन्हा कोणी दिली नसती." पुढची नळी पुसायला घेत म्हणाले, "हे तिच्या नवऱ्याला सांगता येत नाही. मी गेलो होतो. नुसता बसून आलो."

हे मला पटलं असं म्हणणार नाही. आजही मी ह्या वादात दोन्ही बाजूंनी भांडते, आणि दोन्हीकडून हरते. लस न ठेवणारे मात्र ह्या वादात कुठेच नव्हते, ते ऑफिसात होते, हे मला विसरता येत नाही.

त्यानंतर डॉक्टरांनी नियम केला. रोग्याची नळी एकटी ठेवायची नाही. तिच्या शेजारी एका धडधाकट माणसाची नळी, त्याच धुण्यातली. आधी धडधाकट माणसाची तिरकी करायची. ती थिजली नसेल, तर दुसरीवर विश्वास ठेवायचा नाही. डॉक्टर तिला साक्षीदार म्हणत. ह्या साक्षीदारासकट त्यांनी नोंदी पुन्हा पहिल्यापासून गोळा केल्या, आणि नव्वदीत, साहेब बदलल्यावर, लस खानवेलला गेली. तिथल्या सिस्टरना शिकवायला डॉक्टर स्वतः बसनं जात. पुढे गुडघे गेले, मुलानं नाशिकला नेलं. निरोपाला सुपडूभाऊ पावडरीची गोणी घेऊन आला, ती त्यांनी टेम्पोत सामानाबरोबर चढवली. मला म्हणाले, "नाशिकला धोतरं पांढरी दिसतील." वर्षभरात ते गेल्याचं कळलं.

गेल्या पावसात मी खानवेलकडे सभेला गेले होते. गवत कापताना लखमी नावाच्या बाईला फुरसं चावलं आणि जीपमधून तिला केंद्रात मीच नेलं. सिस्टर तरुण होती, डॉक्टरांना तिनं पाहिलेलंही नसणार. तिनं लखमीचं रक्त नळीत घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, हात पुढे करा."

"मला नाही चावलं," मी म्हणाले.

"म्हणूनच. इथे तसंच करतात."

दोन नळ्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. लखमीची सासू मला विचारत होती, पोर वाचंल ना. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. वेळ झाल्यावर सिस्टरनं आधी माझी नळी तिरकी केली. घट्ट होती. मग तिनं लखमीची तिरकी केली, आणि रक्त वाहत आलं.

सिस्टर उठली आणि तिनं कपाट उघडलं. कपाटात बाटल्या होत्या.