शून्य आणि एक यांच्या मधे

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नाही, माफ करावं. कुणाला दाखवायचं नाही, तरी लिहिते.

आज दुपारी घरोघरची माहिती लिहून घेणाऱ्या बाई आल्या. गेलेली मुलं किती, वय काय, असं विचारलं. मी म्हटलं, "एक मुलगी. पाऊण वर्षाची होती."

"मावशी, पूर्ण वर्षं सांगा. इथं अपूर्णांक चालत नाही."

मी लाजले. त्यांनी वयापुढं शून्य लिहिलं. त्या गेल्या, पण ते शून्य घरभर माझ्यामागं फिरत राहिलं.

संध्याकाळी नातीच्या वहीत एक आडवी रेघ दिसली. या टोकाला शून्य, त्या टोकाला एक.

"मधे काहीच नाही का गं?"

"अगं आज्जी, मधेच तर गर्दी आहे! मोजून संपायचे नाहीत इतके अपूर्णांक. आणि हा एक मिरवतो ना, तोसुद्धा चार पावांचाच."

"मग पाऊण कुठं?"

तिनं हसत पेन्सिलीनं ठिपका दिला. मी त्यावर बोट ठेवलं. माझी मुलगी बसायला लागली होती, माझा आवाज ओळखायची. ठिपका शून्यापासून लांब होता, एकाच्या जवळ.